विशेष आवड (स्वमग्नता व अतिचंचलता)

विशेष आवड म्हणजे एखाद्या विषयात, वस्तूत किंवा कृतीत असणारा अत्यंत तीव्र, दीर्घकाळ टिकणारा आणि व्यक्तीच्या दैनंदिन जीवनाचा मोठा भाग व्यापणारा रस होय. ही संज्ञा प्रामुख्याने स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींच्या संदर्भात वापरली जाते. अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) असलेल्या व्यक्तींमध्ये तितकीच तीव्र, परंतु बहुधा अल्पजीवी ओढ दिसून येते. तिला अतिमग्नता (हायपरफिक्सेशन) असे म्हणतात. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात, त्यामुळे या दोन संज्ञांमधील सीमारेषा व्यवहारात पुसट असते.

विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकशास्त्राने या रसाकडे केवळ लक्षण म्हणून पाहिले आणि तो कमी करणे हे उपचाराचे एक उद्दिष्ट मानले. स्वमग्न व्यक्तींची आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागल्यानंतर आणि त्यांच्या सहभागाने संशोधन सुरू झाल्यानंतर ही भूमिका बदलत गेली. आज विशेष आवड ही शिकण्याची, संवादाची व मनःशांतीची वाट मानली जाते. मात्र शाळा, कुटुंब व प्रमाणपत्र देणारी यंत्रणा यांच्यापर्यंत हा बदल सारख्या प्रमाणात पोहोचलेला नाही.

संज्ञा व मराठीतील शब्द

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवली आणि १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी ती वापरली. मराठीतील 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द याच कल्पनेवर आधारलेला आहे. विशेष आवडीच्या बाबतीत तो काहीसा दिशाभूल करणारा ठरतो. आगगाड्यांच्या वेळापत्रकात तासन्‌तास रमणारे मूल स्वतःत नव्हे, तर बाहेरच्या जगातील एका वस्तूत मग्न असते. इतरांना ते 'स्वतःत हरवलेले' दिसते, कारण ती वस्तू त्यांच्या लक्षात येत नाही.

अशा ओढीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही: नाद, खूळ, वेड, छंद, ध्यास, व्यासंग. वर्तनाच्या तीव्रतेवरून यांतील शब्दाची निवड होत नाही. समाजाला त्या विषयाचे मोल किती वाटते यावरून ती होते. पंख्याकडे पाहत राहणाऱ्या मुलाला पंख्याचे 'वेड' असते, बसचे क्रमांक पाठ करणाऱ्याला 'खूळ' लागलेले असते, आणि शिलालेखांमागे आयुष्य घालवणाऱ्याचा मात्र 'व्यासंग' असतो. एडीएचडी असलेल्या व्यक्तीच्या वाट्याला 'आरंभशूर', 'धरसोड वृत्तीचा' ही विशेषणे येतात. हे सर्व शब्द वर्णनाबरोबर निवाडाही देतात आणि घरात किंवा वर्गात मूल तो निवाडा लहानपणापासून ऐकत असते.

या संदर्भात गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे उदाहरण बोलके आहे. डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक होते. संख्यांच्या गुणधर्मांशी खेळणे हाच त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. त्यांनी शोधलेला ६१७४ हा स्थिरांक प्रसिद्ध आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. 'डेम्लो संख्या' हे नाव त्यांनी एका रेल्वे स्थानकावरून दिले. ही कल्पना त्यांना जेथे सुचली ते डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. अनेक भारतीय गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानून हसण्यावारी नेले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. कापरेकर यांचे असे कोणतेही निदान झालेले नव्हते आणि दिवंगत व्यक्तीचे निदान तिच्या छंदावरून करणे अशास्त्रीय ठरते. येथे त्यांचा उल्लेख केवळ एवढ्यासाठी की, त्यांच्या बाबतीत 'खूळ' आणि 'व्यासंग' यांमधील अंतर त्यांच्या वहीत पडले नव्हते. ते वाचणाऱ्यांच्या नजरेत पडले होते.

निदानशास्त्रातील इतिहास

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड याला अगदी लहान वयात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची चित्रे ओळखता येत असत आणि ठोकळे व भांडी गरगर फिरवण्यात तो रमून जाई. डोनाल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरीस लागले व २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कॅनर यांनी 'सर्व काही जसेच्या तसे राहावे' हा मुलांचा आग्रह केंद्रस्थानी मानला. वस्तूंशी असलेले त्यांचे नाते माणसांशी असलेल्या नात्यापेक्षा सहज असल्याचेही त्यांनी नोंदवले.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये ज्या मुलांविषयी लिहिले त्यांना ते 'छोटे प्राध्यापक' म्हणत. रसायनशास्त्र किंवा गणितात रमणाऱ्या मुलांच्या एकांगी रसात त्यांना भावी बुद्धिमत्तेची बीजे दिसली. मात्र त्याच निबंधात त्यांनी वर्षातील प्रत्येक दिवसाचा संत सांगणारी आणि व्हिएन्नातील सर्व ट्राममार्गांची दोन्ही टोके मुखोद्गत असणारी मुले व्यवहारशून्य छंदांच्या खालच्या पायरीवर ठेवली. नाझी राजवटीत ही प्रतवारी केवळ शैक्षणिक नव्हती. हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार अ‍ॅस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना 'अम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवले होते. तेथे मुलांची हत्या केली जात असे. उपयुक्ततेच्या निकषावर आवडींची विभागणी करण्याच्या प्रथेकडे तेव्हापासून अधिक सावधपणे पाहिले जाते.

लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधील लेखामुळे अ‍ॅस्पर्गर यांचे कार्य इंग्रजी वाचकांसमोर आले. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेत तीव्रता किंवा केंद्रीकरण या दृष्टीने असामान्य ठरणारे, अत्यंत मर्यादित व दृढ रस हा स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक आहे. याच आवृत्तीने स्वमग्नता व एडीएचडी ही दोन निदाने एकाच व्यक्तीस देण्याची मुभा प्रथम दिली. पूर्वीच्या आवृत्तीत ती नव्हती. त्यामुळे २०१३ पूर्वी निदान झालेल्या अनेकांच्या कागदपत्रांत अर्धेच चित्र नोंदलेले आढळते.

एडीएचडीच्या अधिकृत निकषांत अतिमग्नतेचा उल्लेखच नाही. ते निकष लक्ष विचलित होणे, विसरभोळेपणा, अस्वस्थता व उतावीळपणा यांवर आधारलेले आहेत. परिणामी 'चित्रकलेच्या वहीपुढे चार तास बसतो, मग याचे लक्ष लागत नाही असे कसे म्हणायचे?' हा पालकांचा व शिक्षकांचा प्रश्न वारंवार निदानाच्या आड येतो. एडीएचडीमध्ये अवधान कमी असते असे नाव सुचवते. प्रत्यक्षात अडचण ते हवे तेथे वळवण्याची व हवे तेव्हा काढून घेण्याची असते.

स्वरूप

विशेष आवड सामान्य छंदापासून तीन बाबतींत वेगळी असते: तिची तीव्रता, तपशिलाकडे असलेला कल आणि भावनिक जीवनातील तिचे स्थान. छंदासाठी वेळ काढावा लागतो. विशेष आवडीतून इतर गोष्टींसाठी वेळ काढावा लागतो. माहिती गोळा करणे, वर्गवारी लावणे, याद्या करणे, तोच व्हिडिओ किंवा तेच पान पुन्हा पुन्हा पाहणे आणि त्या विषयावर अखंड बोलणे ही तिची नेहमीची रूपे आहेत. या अखंड बोलण्यास स्वमग्न समुदायात 'इन्फोडम्पिंग' म्हणतात. ऐकणाऱ्याला ते एकतर्फी वाटले, तरी बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते बहुतेक वेळा जवळीक साधण्याचेच रूप असते: स्वतःजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू तो समोरच्याला दाखवत असतो.

आवड कायम बौद्धिकच असते असे नाही. न बोलणाऱ्या किंवा अधिक आधाराची गरज असणाऱ्या व्यक्तींमध्ये ती पाण्याची धार, पंख्याची पाती, विशिष्ट पोत असलेले कापड किंवा एखाद्या जाहिरातीची धून यांच्या रूपात दिसते. अशा आवडींना 'विशेष आवड' न म्हणता 'चाळा' म्हणण्याची प्रवृत्ती आढळते. शब्दांत मांडता येणारी आवड प्रतिष्ठित आणि इंद्रियांतून अनुभवली जाणारी आवड हीन, असा भेद करण्यास शास्त्रीय आधार नाही.

रचल ग्रोव्ह व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वमग्न प्रौढांच्या केलेल्या सर्वेक्षणात सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींनी आपल्याला विशेष आवड असल्याचे सांगितले. संगणक, संगीत, निसर्ग, बागकाम आणि खुद्द स्वमग्नता हे त्यांतील नेहमीचे विषय होते. आवड असणे हे एकंदर समाधानाशी निगडित आढळले. मात्र तिची तीव्रता फार वाढली, तर समाधान घटते असेही दिसले. झोप, जेवण किंवा लघवीची जाणीव विसरली जाणे आणि मध्येच थांबवल्यास भावनिक ताबा सुटणे (मेल्टडाउन) या अडचणी स्वमग्न व्यक्ती स्वतःही सांगतात. आवडीचे केवळ गोडवे गाणारे लेखन या अडचणी झाकते.

मुली व स्त्रियांचे निदान उशिरा होण्यामागे आवडींचे विषय हेही एक कारण मानले जाते. प्राणी, कथा-कादंबऱ्या, अभिनेते, गायनसमूह अशा विषयांतील रस वयाला साजेसा वाटतो. त्याची असामान्य तीव्रता कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आगगाड्यांचे वेळापत्रक पाठ असणारा मुलगा तज्ज्ञाकडे नेला जातो, आणि एकाच मालिकेतील प्रत्येक भागाचे संवाद पाठ असणारी मुलगी 'टीव्हीवेडी' ठरून घरीच राहते.

विषय व परिसर

आगगाड्या, नकाशे, डायनोसॉर, ग्रह-तारे, प्राणी, भाषा व लिप्या, दिनदर्शिका, उद्वाहने (लिफ्ट), व्हिडिओ गेम हे जगभर आढळणारे विषय आहेत. अलीकडच्या पिढीत त्यांत माइनक्राफ्ट, पोकेमॉन, जपानी अ‍ॅनिमे व कोरियन पॉप संगीत यांची भर पडली आहे. सायमन बॅरन-कोहेन व सॅली व्हीलराइट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार स्वमग्न मुलांच्या आवडी यांत्रिक व नियमबद्ध व्यवस्थांकडे अधिक झुकतात. पुढे या निष्कर्षावर टीकाही झाली, कारण त्यात मुलींच्या आवडींना पुरेसे स्थान नव्हते.

आवडीची क्षमता व्यक्तीत असते, विषय मात्र परिसर पुरवतो. अ‍ॅस्पर्गर यांच्या व्हिएन्नात तो ट्रामने पुरवला. महाराष्ट्रात एसटीच्या गाड्या व आगार, बेस्टचे बसमार्ग, गडकिल्ले, क्रिकेटची आकडेवारी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी व सण असे नियमबद्ध तपशिलांनी भरलेले विषय मुलांच्या हाताशी असतात. मुंबई महानगरात या सर्वांवर मात करते ती लोकल गाडी.

मीरा-भाईंदर शहरातील बेव्हर्ली पार्कसारख्या मीरा रोड पूर्वेकडील वसाहतींचे दैनंदिन जीवन पश्चिम रेल्वेच्या मीरा रोड स्थानकाशी बांधलेले आहे. स्वमग्न मनाला भावणारे जवळजवळ सर्व गुण या रेल्वेत एकत्र सापडतात. चर्चगेट ते विरार या मार्गावर २९ स्थानके ठरलेल्या क्रमाने येतात. फलाटावरील इंडिकेटर गाडीचे अंतिम स्थानक, ती धीमी आहे की जलद आणि १२ डब्यांची आहे की १५ डब्यांची, एवढी माहिती मोजक्या खुणांत देतो. मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांतील घोषणा त्याच आवाजात, त्याच लयीत पुन्हा पुन्हा होतात. बोलण्यास उशीर झालेली काही मुले अशा घोषणा जशाच्या तशा उच्चारतात. या शब्दानुकरणास (इकोलालिया) पूर्वी निरर्थक मानले जाई, आता त्याकडे भाषा शिकण्याची एक पायरी म्हणून पाहिले जाते. घराबाहेर निघायचे आहे हे सांगण्यासाठी 'पुढील स्थानक' हे शब्द वापरणारे मूल अर्थहीन बोलत नसते.

रेल्वेच्या व्यवस्थेत बदलही होतात, आणि नियमिततेवर प्रेम करणाऱ्या व्यक्तीसाठी प्रत्येक बदल ही घटना असते. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झाले. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी व गोरेगाव यांच्या दरम्यान राम मंदिर स्थानक सुरू झाले. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. पाठ असलेल्या यादीत मध्येच एक नाव घालणे किंवा बदलणे ही प्रवाशाला किरकोळ वाटणारी बाब काही जणांना अनेक दिवस अस्वस्थ करू शकते, तर काही जणांसाठी तीच अभ्यासाची पर्वणी ठरते. रेल्वेप्रेमी मंडळींमध्ये मोटारींच्या आवाजावरून गाडीची बनावट ओळखणारे अनेक जण असतात. त्यांतील सर्व स्वमग्न नसतात. परंतु ज्या मुलाचे बोलणे वर्गात कोणी ऐकत नाही, त्याला तेथे ऐकणारे भेटतात.

या आवडीला एक गंभीर बाजूही आहे. स्वमग्न मुले आवडत्या ठिकाणाकडे एकटीच निघून जाण्याचा धोका सर्वत्र नोंदला गेला आहे, आणि गजबजलेल्या फलाटावर किंवा उघड्या रुळांजवळ तो जिवावर बेतू शकतो. मुलाला गाड्यांपासून पूर्ण तोडल्याने ओढ कमी होत नाही; संधी मिळताच निसटण्याची शक्यता तेवढी वाढते. म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सोबतीने स्थानकावर नेणे, पिवळ्या रेषेमागे उभे राहण्याचा नियम चित्रांतून शिकवणे आणि मुलाजवळ पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेले ओळखपत्र ठेवणे हे उपाय सुचवले जातात. मूल हरवल्यास रेल्वेची १३९ आणि बालकांसाठीची १०९८ या मदतवाहिन्या उपलब्ध आहेत. उपनगरी गाड्यांमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो. बाहेरून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाबाबत सहप्रवाशांना शंका येते, त्यामुळे अशा वेळी प्रमाणपत्र जवळ असणे उपयोगी पडते.

अतिमग्नता

एडीएचडीमधील अतिमग्नता साधारणतः अचानक सुरू होते, काही दिवस किंवा आठवडे सर्व काही व्यापते आणि सुरू झाली तशीच ओसरते. या काळात व्यक्ती त्या विषयाची पुस्तके, साहित्य, वर्ग यांवर खर्च करते. नंतर बासरी, शिवणयंत्र किंवा अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम मागे उरतो. कुटुंबाला यात चंचलता दिसते. व्यक्तीला स्वतःला मात्र बहुधा लाज वाटत असते, कारण सुरुवातीचा उत्साह खोटा नव्हता हे तिला माहीत असते आणि तो पुन्हा हुकमी आणता येत नाही हेही माहीत असते. मध्यमवर्गीय घरात भरलेल्या शुल्काचा हिशेब पुढे बरीच वर्षे ऐकावा लागतो.

अतिमग्नतेपासून अतिएकाग्रता (हायपरफोकस) ही संज्ञा वेगळी काढली जाते. अतिएकाग्रता म्हणजे एका बैठकीत काळाचे भान हरपणे. अतिमग्नता म्हणजे अशा बैठका ज्या विषयाभोवती फिरतात ती ओढ. 'अतिमग्नता' हा शब्द संशोधनातून आलेला नाही. एडीएचडी व स्वमग्न समुदायांच्या बोलण्यातून तो रूढ झाला. समाजमाध्यमांवर तो कोणत्याही तात्पुरत्या आवडीसाठी वापरला जाऊ लागला असून त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे.

कारणमीमांसा

याबाबत एकच सर्वमान्य सिद्धान्त नाही. दिना मरे, माइक लेसर व वेन लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेला 'मोनोट्रॉपिझम' अर्थात एकमार्गी अवधानाचा सिद्धान्त स्वमग्न व्यक्तींना विशेष जवळचा वाटतो; मरे व लॉसन या मांडणीकर्त्या व्यक्ती स्वतः स्वमग्न होत्या. या सिद्धान्तानुसार प्रत्येकाजवळ अवधान मर्यादित असते. बहुतेक लोक ते अनेक विषयांत पातळ पसरवतात. स्वमग्न मन ते एका वेळी थोड्या विषयांत ओतते. त्यामुळे त्या प्रवाहात असलेली गोष्ट अत्यंत स्पष्ट दिसते, प्रवाहाबाहेरची हाकही ऐकू येत नाही, आणि एका प्रवाहातून दुसऱ्यात ओढून नेणे क्लेशदायक ठरते. हाक मारूनही ओ न देणाऱ्या मुलावर उद्धटपणाचा आरोप करण्यापूर्वी हे स्पष्टीकरण लक्षात घेण्याजोगे आहे.

एडीएचडीच्या बाबतीत मेंदूतील प्रोत्साहन-यंत्रणेवर भर दिला जातो. नोरा वोल्कोव व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात एडीएचडी असलेल्या प्रौढांच्या मेंदूतील संबंधित भागांत डोपामिनशी निगडित ग्राहींचे प्रमाण कमी आढळले. कामाचे महत्त्व किंवा दूरचे फळ यांतून पुरेशी चालना मिळत नाही. नावीन्य, आव्हान किंवा जवळ आलेली मुदत यांतून ती मिळते. नावीन्य ओसरले की चालनाही ओसरते.

इतर अवस्थांशी गल्लत

विशेष आवडीस इंग्रजी व मराठी बोलीत सर्रास 'ऑब्सेशन' म्हटले जाते. त्यातून मंत्रचळाशी (ओसीडी) गल्लत होते. मंत्रचळातील विचार नकोसे असतात आणि कृती भीती टाळण्यासाठी केली जाते; विशेष आवड हवीशी असते आणि तिच्यातून आनंद मिळतो. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात, तेव्हा हा भेद उपचाराच्या दृष्टीने कळीचा ठरतो. पडद्यावरील खेळांत रमणाऱ्या मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंग विकाराचा समावेश आहे, परंतु तेथे केवळ तासांची संख्या निकष नसून ताबा सुटणे व जीवनाच्या इतर अंगांची हानी होणे आवश्यक मानले आहे. असामान्य प्रतिभा (सॅव्हंट क्षमता) हीदेखील निराळी बाब आहे. बहुतेक स्वमग्न व्यक्तींना तीव्र आवडी असतात, पण अशी प्रतिभा थोड्यांनाच असते. हिंदी चित्रपटांनी रूढ केलेल्या प्रतिमेमुळे 'मग याला विशेष काय येते?' हा प्रश्न पालकांना ऐकावा लागतो.

शिक्षण व उपचारात

वर्तनवादी उपचारपद्धतीत आवडत्या वस्तूचा वापर बक्षीस म्हणून केला जातो: काम पूर्ण केले की गाडी मिळेल. याने तात्पुरते काम होते, परंतु मुलाचा सर्वांत सुरक्षित आधार सौद्याची वस्तू बनतो, अशी टीका प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी केली आहे. दुसरा मार्ग आवडीच्या आतून शिकवण्याचा आहे. डॅनियल लेगॉफ यांनी २००४ मध्ये लेगो ठोकळ्यांच्या साह्याने मुलांमध्ये परस्परसंवाद वाढवण्याची पद्धत मांडली. अमेरिकी पत्रकार रॉन सस्किंड यांनी 'लाइफ, अ‍ॅनिमेटेड' (२०१४) या पुस्तकात डिस्नेच्या चित्रपटांतील संवादांतून आपल्या मुलाशी पुन्हा बोलणे कसे सुरू झाले ते सांगितले आहे. लोकलची आवड असलेल्या मुलाला वेळापत्रकातून वजाबाकी, स्थानकांच्या पाट्यांवरून देवनागरी व रोमन लिपी, तिकिटातून पैशांचा व्यवहार आणि रांगेतून आपली पाळी येईपर्यंत थांबणे शिकवता येते. याला मर्यादा आहे: प्रत्येक आनंदात धडा घुसवला, तर आवडच विटते. काही वेळ निव्वळ गाड्या पाहण्यासाठी राखलेला असावा लागतो.

आवडीतून बाहेर येताना होणारा त्रास कमी करण्यासाठी अचानक वस्तू काढून घेण्याऐवजी आधी सूचना देणे, दिवसाचा क्रम चित्रांत मांडणे आणि आवडीकडे पुन्हा केव्हा परतता येईल ते निश्चित सांगणे हे उपाय परिणामकारक ठरतात. 'नंतर' हा शब्द पुरत नाही, 'जेवणानंतर' पुरतो.

भारतीय संदर्भात गोव्यातील काम महत्त्वाचे आहे. 'संगत' या संस्थेच्या सहभागाने गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या 'पास' चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना स्वतःच्या खेळाच्या चित्रफिती दाखवून मुलाचे लक्ष जेथे आहे तेथे आपले बोलणे जोडण्यास शिकवले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. 'इकडे बघ' असे म्हणण्याऐवजी मूल जिकडे पाहते आहे तिकडे पालकाने पाहणे, हे या पद्धतीचे मर्म आहे, आणि त्यासाठी महागड्या साधनांची गरज पडत नाही. मुंबईत २००१ पासून कार्यरत असलेले 'उम्मीद' बालविकास केंद्र आणि पालकांचा 'फोरम फॉर ऑटिझम' यांसारख्या संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करतात. उपनगरांच्या टोकाला राहणाऱ्या पालकांसाठी उपचारकेंद्रापर्यंतचा दीर्घ लोकल प्रवास हाच अनेकदा मोठा अडथळा असतो. गाडीची आवड असलेल्या मुलासाठी मात्र दिवसातील सर्वोत्तम भाग तोच असू शकतो.

कायदा व प्रमाणपत्र

स्वमग्नतेचा समावेश प्रथम राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आणि पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत करण्यात आला. लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्वमग्नतेच्या मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत (आयएसएए) ४० घटक असून एकूण गुण जितके अधिक, तितकी तीव्रता अधिक मानली जाते. निर्जीव वस्तूंविषयीची ओढ आणि तोचतोचपणाचा आग्रह यांची गणना या गुणांत होते. असामान्य क्षमतेचा घटकही याच बेरजेत येतो. म्हणजे घरी जी आवड मुलाचे बळ म्हणून जपली जाते, तीच तपासणीच्या दिवशी पालकांना उणीव म्हणून सांगावी लागते.

एडीएचडीचा २०१६ च्या अधिनियमातील २१ प्रकारांत स्वतंत्र उल्लेख नाही. महाराष्ट्रात विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळतात आणि त्या अक्षमतेस केंद्रीय कायद्यातही स्थान आहे. त्यामुळे एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याला आधार मिळतो तो बहुधा सोबत अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता आढळल्यासच. ज्याच्याजवळ केवळ एडीएचडीचे निदान आहे आणि ज्याच्या वह्या एका विषयात ओसंडून भरलेल्या, बाकीच्यांत कोऱ्या आहेत, असा विद्यार्थी या दोन्ही तरतुदींच्या बाहेर राहतो.